पहिली-दुसरीच्या मुलांना आकाश शिकवायचंय. परदेशी प्रशिक्षण झालं, पुढं काय?

सावलीताई – १५ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी सातारा शहराच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. पट २३. पहिली-दुसरी माझ्याकडे.

गेल्या उन्हाळ्यात मी लहान मुलांना खगोलशास्त्र कसं शिकवावं याचं एक आंतरराष्ट्रीय ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण केलं. स्वयंपाक उरकून रात्री साडेनऊला मोबाइल घेऊन बसायचे. केनियाच्या बाई होत्या, कोलंबियाचे सर होते. एक गोष्ट मनात पक्की बसली: मुलाला सांगायच्या आधी विचारायचं. 'चंद्र दिवसा कुठं जातो?' असं विचारून गप्प बसायचं. मी विचारलं. उत्तरं आली: ढगामागं, मामाच्या घरी, कोयनेच्या धरणात. धरणात म्हणणाऱ्याला 'का?' विचारलं, तर म्हणाला, "रात्री पाण्यात दिसतो ना." म्हणजे पोरगं निरीक्षणच सांगत होतं.

अडचण पुढं आली. प्रशिक्षणाचं सगळं साहित्य युरोपच्या आकाशाचं. ऋतूंच्या चित्रात बर्फ, चंद्राची कोर उभी, ध्रुवतारा आकाशात चांगला उंच. एका पानावर ठळक अक्षरात: दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते. १६ जूनला शाळा उघडली, त्याच आठवड्यात एक दिवस लख्ख ऊन पडलं. मी मुलांना घेऊन अंगणात काठी रोवली. साडेबाराला सावली पडली दक्षिणेला, जेमतेम वीतभर. दुसरीतला एकजण म्हणाला, "बाई, कागदातली सावली तिकडं आणि आपली इकडं." त्या दिवशी माझ्याकडं उत्तर नव्हतं. नंतर कळलं, पण त्याला जे त्याच क्षणी मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, हे अजून लागून आहे.

तर विचारायचं आहे ते असं. इतक्या लहान वयात हे सुरू करावं का? एका शिक्षण परिषदेत मला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "मॅडम, आधी वाचन, मग चांदण्या." आणि करायचं तर बाहेरचं साहित्य मराठीत आणावं, की नव्यानं आपलंच बनवावं?

माणदेशी

ताई, पहिल्यांदा त्या पोराला शाबासकी द्या. छापलेल्या कागदापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवला त्यानं.

कृष्णाकाठ

छान धागा. वाचनखूण साठवली.

सावलीताई, तुमचा अक्षांश साधारण १७.७ अंश. २१ जूनला सूर्य २३.४ अंशांवर, म्हणजे तुमच्या डोक्याच्याही उत्तरेला पावणेसहा अंश. मग सावली दक्षिणेलाच पडणार. एक मीटरच्या काठीची दहा सेंटिमीटर. साताऱ्यात मेच्या १०-११ तारखेपासून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला असते. आमच्या सांगलीत हे ७ मेच्या सुमारास सुरू होतं आणि ऑगस्टच्या ५-६ तारखेपर्यंत चालतं. या दोन टोकांच्या दिवशी शून्य सावली, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर.

युरोपात सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, त्यामुळं त्यांच्यासाठी 'नेहमी उत्तरेला' हे खरं आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांना ते लागू नाही.

खडूफळा

शून्य सावलीचं दुखणं माहितीये ना? मेमध्ये शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये पाऊस. मी जतला आहे. आमच्याकडं ऑगस्टमध्ये ढग असले तरी पाऊस कमी, म्हणून दोनदा जमलं. ग्लास उपडा ठेवला, सावली अगदी बुडाखाली गेली. मुलं ग्लास उचलून सावली शोधत होती.

पण ताई, जूनची दक्षिण सावली शाळा सुरू असताना मिळते. शून्य सावली हुकली म्हणून हळहळण्यापेक्षा हे पकडा. शाळा उघडल्यावर दीड महिना वेळ असतो, त्यात चार दिवस तरी ऊन पडतंच.

निवृत्त_केंद्रप्रमुख

मी ३४ वर्षं सेवा केली. 'आधी वाचन' म्हणणाऱ्यांची बाजू मांडतो. तिसरीत येऊन जोडाक्षर न वाचता येणारी मुलं मी पाहिली आहेत. लहान मुलांना वाचता यावं म्हणून आलेल्या 'निपुण' अभियानाचं उद्दिष्ट उगाच आलेलं नाही. पहिलीतल्या मुलाला ग्रहांची नावं पाठ करायला लावली की पालक खूश, व्हिडिओ झकास, आणि मूल स्वतःचं नाव लिहायला अडतं. प्रशिक्षण आलं की प्रमाणपत्र, फोटो, लिंक भरा. दोन वर्षांनी सगळं कपाटात. कितीतरी विज्ञान पेट्या मी कुलपात पाहिल्या आहेत.

बाई मनापासून करत आहेत, याबद्दल शंका नाही. पण वेळ कुठून आणणार ते सांगा.

वाईची_आजी

मला ऐंशी चालू आहे, नातवाच्या मोबाइलवरून लिहिते आहे. गुरुजी, वेळ घरातून आणायचा. मी गेली साठ वर्षं संकष्टी करते. चंद्रोदय झाल्याशिवाय जेवायचं नाही. नात पाच वर्षांची असताना माझ्याबरोबर गच्चीवर यायची. तिला मी सांगितलं नव्हतं, तिनंच विचारलं, "आजी, परवा पौर्णिमेला चंद्र जेवायच्या आधी आला होता, आज एवढा उशीर का?" रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो, हे तिला उपाशी पोटी कळलं. आता ती इंजिनिअर आहे आणि अजून चंद्रोदयाची वेळ मलाच विचारते.

माणदेशी

आजी, दंडवत.

कराड_ते_डेल्फ्ट

मूळ कराडचा, आता नेदरलँड्समध्ये. या प्रशिक्षणांची पार्श्वभूमी थोडी माहीत आहे म्हणून लिहितो. माझ्यापासून जवळच लायडन आहे. तिथली वेधशाळा १६३३ची. तिथले खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज मायली यांनी 'युनिव्हर्स अवेअरनेस' ही कल्पना मांडली. ४ ते १० वयाची मुलं, त्यातही ज्यांच्यापर्यंत कुणी जात नाही अशी. या वयात मुलाची जगाबद्दलची नजर घडते, म्हणून अफाट विश्वाची ओळख तेव्हाच द्यावी, हा त्यामागचा विचार. गॅलिलिओनं दुर्बीण आकाशाकडं वळवली त्याला २००९ मध्ये ४०० वर्षं झाली, तेव्हा आंतरराष्ट्रीय खगोल वर्ष साजरं झालं. त्या वर्षाच्या मुख्य उपक्रमांत हे होतं आणि शिक्षकांसाठीचा गॅलिलिओ टीचर ट्रेनिंग प्रोग्रॅमही होता. त्यांचं एक खोकं असतं, 'युनिव्हर्स इन अ बॉक्स'. चंद्र, पृथ्वी, सूर्य, ग्रह, तारकासमूह असे भाग आणि हाताळायच्या वस्तू.

खगोलशास्त्राच्या जागतिक संघटनेचं, म्हणजे आयएयूचं, शिक्षणासाठीचं कार्यालय आता जर्मनीत हायडेलबर्गला आहे. ती इमारतच सर्पिल दीर्घिकेच्या आकाराची आहे. आयएयूचाच 'नेस' नावाचा आणखी एक उपक्रम आहे, बार्सिलोनाच्या रोझा मारिया रोस यांनी उभा केलेला. त्यात बाहेरून येणारे एकदा शिकवतात, मग स्थानिक शिक्षकांचा गट पुढचे वर्ग स्वतः घेतो.

केंद्रप्रमुख सर, तुमच्या कुलपातल्या पेटीला माझ्या मते हेच उत्तर आहे. पेटी येऊन भागत नाही, गावात गट लागतो.

वेधघर

वरच्या प्रतिसादाला जोडून. परदेशी म्हणून सगळं टाकू नका. नेसचं एक साधन मी स्वतः वापरलं आहे, खर्च वीस रुपये. १२० सेंटिमीटरची पट्टी घ्यायची. एका टोकाला खिळा ठोकून त्यावर ४ सेंटिमीटरचा गोळा, दुसऱ्या टोकाला १ सेंटिमीटरचा. पृथ्वी आणि चंद्र, आकार आणि अंतर दोन्ही एकाच प्रमाणात. आपल्याकडं लिंबू आणि वाटाणा चालतो.

पट्टी उन्हात न्यायची, वाटाणा सूर्याच्या बाजूला धरायचा आणि त्याची सावली लिंबावर पाडायची. ते सूर्यग्रहण. उलटी धरून लिंबाची सावली वाटाण्यावर पाडली की चंद्रग्रहण. करून बघा. हात जरा हलला की सावली जमिनीवर. मुलं पाच-पाच मिनिटं डोळे बारीक करून धडपडतात. मी सातवीच्या वर्गात गेली कित्येक वर्षं 'चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे' असं सांगत होतो, कुणाला काही कळत नव्हतं. पट्टी दिल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, नेम लागतच नाही. म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही का?"

याच प्रमाणात सूर्य किती? ४.४ मीटर रुंद आणि लिंबापासून ४७० मीटर अंतरावर. आम्ही मैदानावर फक्कीनं वर्तुळ आखलं आणि लिंबू घेऊन एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो.

सावलीताई

वेधघर सर, हे उद्याच करते. ३० लिंबं ओळीनं मांडली तरी तेवढंच अंतर होईल ना? ३० चोक १२०.

वेधघर

बरोबर. पृथ्वीच्या व्यासाच्या साधारण ३० पट. ३० लिंबं मांडायला लावा, पाढाही होईल.

माणदेशी

आणि नंतर सरबत.

प्राची_मिरज

मी शिक्षिका नाही, आई आहे. मुलगा सहा वर्षांचा. ७ सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाला त्याला जागं ठेवलं होतं. ढग येत-जात होते, अकराच्या पुढं एकदा फट पडली आणि तांबडा चंद्र दिसला. तो ओरडला, "आई, वीट!" त्या वेळी घरात वाद सुरू होता, पोराला बाहेर का आणलं म्हणून. माझ्या जावेला दिवस गेले होते, तिला आतल्या खोलीत बसवलेलं. चाकू धरू नको, सुई धरू नको. मुलानं विचारलं, "काकूला चंद्र का दाखवत नाहीत?" घरातल्या मोठ्यांसमोर मी काय बोलू?

हे शाळेत शिकवलं तर बरं होईल हो. घरात एकटीनं सांगणं फार जड जातं.

कृष्णाकाठ

प्राचीताई, चंद्रग्रहण ही पृथ्वीची सावली. उघड्या डोळ्यांनी कुणीही बघावं, गरोदर बाईनंही. डोळ्यांना धोका असतो तो सूर्यग्रहणात, थेट सूर्याकडं बघण्यात. तिथं प्रमाणित सूर्यचष्मा हवाच. एक्स-रेची फिल्म, काळवलेली काच काही चालत नाही. १९८०च्या फेब्रुवारीत खग्रास पट्टा कारवार-हुबळीवरून गेला, आमच्यापासून किती लांब? आणि आमच्या गल्लीत दुपारी दारं-खिडक्या लावून बसले होते सगळे. मी नऊ वर्षांचा. फटीतून येणारा उजेड फरशीवर कोरीच्या आकाराचा पडलेला आठवतो. त्या फटीनंच मला या नादाला लावलं.

२६ डिसेंबर २०१९च्या ग्रहणाला मात्र शाळेच्या मैदानात चाळणी घेऊन उभा होतो. चाळणीच्या प्रत्येक भोकाचा एकेक सूर्य, सगळे अर्धवट खाल्लेले. पन्नास मुलं जमिनीवर वाकून बघत होती. एकानंही वर बघितलं नाही.

सातारा_रोड

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. आपल्या जिल्ह्यात हे बोलायला कुणी घाबरू नये असं वाटतं.

पंचांगप्रेमी

मला एक खटकतंय. परदेशातून प्रशिक्षण आणायची गरजच काय? आपल्या महिन्यांची नावंच आकाश शिकवतात. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ तो चैत्र, विशाखेजवळ तो वैशाख, कृत्तिकेजवळ तो कार्तिक. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी कमी, म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास. येत्या २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. हे सगळं घरात भिंतीवर टांगलेलं असतं.

वेधघर

पंचांगातलं गणित शिकवायला माझी पूर्ण संमती. पण नक्षत्र म्हटलं की पुढचा प्रश्न 'माझं नक्षत्र कोणतं, मला काय होणार' हा येतो. शिक्षकानं तिथं स्पष्ट बोललं पाहिजे. तारे कुठं आहेत हे शास्त्र. त्यावरून पोराचं भविष्य सांगणं हे शास्त्र नाही.

पंचांगप्रेमी

भविष्याचं मी एक अक्षरही लिहिलं नाही, सर. महिन्याच्या नावांबद्दल लिहिलं.

वेधघर

मान्य. घाई झाली माझी.

माणदेशी

आमच्याकडं माणात घरटी एक माणूस नक्षत्रावर शेती बघतो. "मृग लागला" म्हटलं की पेरणीची गडबड. लहानपणी मी आज्याला विचारलं, मृग लागला तर दाखव कुठंय. आजा म्हणला, आता न्हाई दिसत, हुरड्याच्या दिवसात दाखवतो. आणि खरंच, ज्वारी हुरड्याला आल्यावर शेकोटीपाशी बसून त्यानं मृग दाखवला, पोटात घुसलेला बाण, मागं व्याध. का जूनमध्ये दिसत नाही ते फार उशिरा कळलं: मृग लागतो म्हणजे सूर्यच त्या ताऱ्यांच्या दिशेला असतो. दिवसा तारे सूर्याबरोबर वर, रात्री सूर्याबरोबर खाली.

आज्याला शाळा नव्हती. पण त्याला हे ठाऊक होतं. सप्तर्षीला तो 'बाज' म्हणायचा, म्हातारीची बाज पळवणारे तीन चोर शेपटीला. ताई, तुमच्या पोरांच्या घरी अशी म्हातारी माणसं असतील, त्यांना शाळेत बोलवा.

खडूफळा

माणदेशी दादांचा प्रतिसाद वाचून माझा एक अनुभव. माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात. मी फळ्यावर 'तारा' लिहिलं, सगळे गप्प. एक मुलगी हळूच म्हणाली, "चुक्की." कन्नडमध्ये चुक्की म्हणजे तारा, आणि रांगोळीचा ठिपकाही चुक्कीच! तिथून पुढं सगळं सोपं झालं. मुलींनी ओट्यावर ठिपक्यांची रांगोळी काढावी तसे सप्तर्षीचे सात ठिपके मांडले. मग जोडा कसेही, बाज करा, नांगर करा, पळी करा. शर्मिष्ठेचे पाच ठिपके. मृगाचे तर मुलांनी मोजून मांडले, मधले तीन सरळ ओळीत येईपर्यंत दोनदा पुसले.

हे मला कुठल्याच प्रशिक्षणात मिळालं नसतं. पण 'आधी मुलाला विचारा, मग थांबा' हे प्रशिक्षणातच शिकले. म्हणून माझं मत, पद्धत त्यांची घ्या आणि आकाश आपलं.

वाईची_आजी

खडूफळा, काय सुंदर लिहिलंस ग.

अभ्यासू_वाचक

मुलांच्या कल्पनांवर झालेलं काम वाचण्यासारखं आहे. स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रुअर यांनी अमेरिकेतल्या प्राथमिकच्या मुलांना पृथ्वीबद्दल विचारलं, १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. मुलं 'पृथ्वी गोल आहे' असं म्हणत होती, पण मनात काहींच्या ती भाकरीसारखी चपटी गोल, काहींच्या पोकळ चेंडू आणि आपण आतल्या सपाट तळावर. काहींच्या तर पृथ्वी दोन: एक आपण राहतो ती, एक आकाशात असते ती. उत्तर बरोबर आलं म्हणून मूल समजलं असं धरता येत नाही.

आपल्याकडं मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी हातवारे आणि शरीराच्या हालचालींतून खगोल शिकवण्यावर काम केलं आहे. स्वतः पृथ्वी होऊन फिरायचं. छोट्यांना तर हे आपसूक येतं.

कृष्णाकाठ

दुर्बिणीबद्दल सावध करतो. मागच्या आठवड्यात एका शाळेत शनी दाखवला. यंदा कडी आपल्याला जवळजवळ कडेनं दिसत आहेत, नुसती रेघ. पुस्तकातलं चित्र बघून आलेली पोरं डोळा लावून म्हणत, "कडी कुठंय काका?" एक छोटी रडवेली झाली. लहानांसाठी दुर्बिणीची घाई नको. दाखवायचंच तर चंद्राचे खड्डे आणि गुरूचे चार चंद्र. गुरू आता रात्री पूर्वेला वर येतो, जानेवारीत छान दिसेल.

सायली_तासगाव

शुक्राची चांदणी दाखवली तर? आमचे बाबा द्राक्षबागेला पाणी द्यायला तिच्यावर उठायचे.

वेधघर

सध्या शुक्र सूर्याच्या फार जवळ आहे, दिसणार नाही. फेब्रुवारी-मार्चपासून संध्याकाळी पश्चिमेला शोधा.

सावलीताई – १३ डिसेंबर

मंडळी, आज शनिवार, सकाळची शाळा. तुमच्या प्रतिसादांमुळं धीर आला म्हणून एक प्रयोग केला, तो सविस्तर लिहिते.

आठ वाजता परिपाठ झाला. स्वच्छ ऊन, चंद्र डोक्यावरून जरासा पश्चिमेला, अर्ध्याहून कमी. मी काही बोलले नाही, नुसती वर बघत उभी राहिले. एक बघायला लागला, मग दोघं, मग सगळे. "बाई, चंद्र! दिवसा!" पहिलीतली एक म्हणाली, "तो घरी जायला विसरला."

माझ्याकडं टेबल टेनिसचा पांढरा चेंडू होता, पेन्सिलीच्या टोकाला खोचलेला. एका मुलीच्या हातात दिला आणि म्हटलं, चंद्राच्या शेजारी धर, हात लांब करून. तिनं धरला. एक डोळा मिटला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बाई, चेंडू पण तसाच झालाय." उन्हानं चेंडूची जी बाजू उजळली होती, तिचा तिला दिसणारा तुकडा हुबेहूब चंद्राच्या आकाराचा, तेवढाच, त्याच बाजूला झुकलेला. सगळ्यांना बघायचं होतं. तेवीस मुलं, एक चेंडू, अर्धा तास. जून महिन्यातला तो मुलगा, सावलीवाला, शेवटी आला. चेंडू बघितला, चंद्र बघितला, मग मान वळवून मागं उगवलेल्या सूर्याकडं हात केला आणि म्हणाला, "दोघांना पण त्याचाच उजेड."

मी काहीच शिकवलं नव्हतं. या वेळी उत्तर त्याच्याकडं होतं.

नंतर पाटीवर चित्रं काढली. आधी सगळी मुलं कोरीच्या आत चांदणी काढायची, झेंड्यावर असते तशी. आज चौघांनी ती बाहेर काढली. विचारलं का, तर "आत पण चंद्रच आहे, काळा."

प्राची_मिरज

डोळ्यात पाणी आलं ताई. आमच्या घराच्या गच्चीवर करणार.

निवृत्त_केंद्रप्रमुख

बाई, वाचलं. दोनदा वाचलं. माझं म्हणणं पूर्ण मागं घेत नाही, कारण वाचनाचा तास कापून हे करू नये असंच मला अजून वाटतं. पण परिपाठाची पंधरा मिनिटं तुमचीच आहेत. आणि एक करा. रोज प्रत्येक मुलानं वहीत चंद्र काढायचा आणि खाली एक वाक्य. 'आज चंद्र दिसला नाही' हेही वाक्यच. महिनाभरात तीस वाक्यं होतात. कुणी विचारलं तर लेखनाचा पुरावा म्हणून हीच वही पुढं ठेवा. मी असतो तर सही करून दिली असती.

सातारा_रोड

सर, डॉ. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना म्हणायचे, पोस्टकार्डावर मला प्रश्न पाठव, उत्तराखाली सही करून देतो. ताईंच्या मुलांनीही असे प्रश्न लिहावेत. यंदा मे महिन्यात ते गेले, पण प्रश्नपेटीला त्यांचं नाव देता येईल.

चाळकेवाडीकर

रात्रीचा कार्यक्रम घेणार असाल तर आमच्या पठारावर नका येऊ. पवनचक्क्यांचे लाल दिवे उघडमीट करतात, पोरं तेच मोजत बसतात. माण-खटाव बरं.

माणदेशी

या की. भाकरी-पिठल्याची सोय आमच्याकडं. आज रात्री मिथुनेचे उल्काही आहेत, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवेल तोवर अंधार चांगला.

कराड_ते_डेल्फ्ट

सावलीताई, एक प्रस्ताव. २२ डिसेंबर सोमवार आहे. तुम्ही एक मीटरची काठी लावा, मी इथं लावतो. तुमच्याकडं सूर्य सर्वांत उंच साधारण १२ वाजून ३२ मिनिटांनी, माझ्याकडं इथल्या १२:४१ला. घड्याळाचे बारा म्हणजे दुपार नाही हेही मुलांना दिसेल. तुमची सावली ८७ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. माझी किती येईल ते मुलांना आधी विचारून ठेवा.

सावलीताई – २२ डिसेंबर

मोजली. ८६ सेंटिमीटर, उत्तरेला. दोरी धरून मुलांनीच मोजली, फक्कीनं खूण केली. जूनची दक्षिणेची खूण मी खडूनं पायरीवर ठेवली होती, तीही दाखवली. डेल्फ्टच्या काकांची सावली किती असेल, याला अंदाज: 'आपल्याएवढीच' म्हणणारे १४, 'छोटी, कारण तिथं थंडी' ५, बाकीचे गप्प.

कराड_ते_डेल्फ्ट

सकाळपासून ढग होते, धाकधूक होती. १२:३५ला फट पडली. सावली ३ मीटर ८० सेंटिमीटर! अंगण संपून शेजाऱ्याच्या कुंपणावर चढत होती, काठी सरकवून पुन्हा मोजली. इथं आज दिवस फक्त पावणेआठ तासांचा, तुमचा अकरा तासांचा. फोटो पाठवला आहे.

वेधघर

वरच्या वर्गासाठी हिशेब करून टाकतो. ८६ सेंटिमीटर म्हणजे सूर्य डोक्यापासून ४०.७ अंश खाली, ३.८० मीटर म्हणजे ७५.३ अंश. फरक ३४.६ अंश. साताऱ्यापासून डेल्फ्टपर्यंतचं फक्त उत्तर-दक्षिण अंतर नकाशावरून ३,८०० किलोमीटर धरलं तर पृथ्वीचा परीघ येतो सुमारे ३९,५०० किलोमीटर. खरा ४०,००० च्या जरासा वर. एराटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये अलेक्झांड्रिया आणि सायीनमधल्या सावल्यांवरून इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलं तेच. कृष्णाकाठ, आपल्या सातारा-सांगलीत हे जमलं नसतं, जेमतेम पाऊण-एक अंशाचा फरक, तो मोजण्याच्या चुकीतच बुडाला असता. आंतरराष्ट्रीय जोडीदार इथं कामाला आला.

कृष्णाकाठ

पटलं. तरी २० मार्चला सांगलीतून मी काठी लावणार. साताऱ्याची सावली ३२ सेंटिमीटर यायला हवी, आमची ३०. दोन सेंटिमीटरचा फरक मुलांना पकडता येतो का बघू.

सावलीताई

जरूर, कृष्णाकाठ काका. मूळ प्रश्नाचं माझ्यापुरतं ठरलं आहे. त्यांचं साहित्य मराठीत उतरवणार नाही. पट्टी, चेंडू आणि 'विचारा, मग थांबा' एवढं घेतलं. बाकी वही आमची आम्ही करतोय: जूनची दक्षिण सावली, पाडव्यानंतरची होडीसारखी आडवी कोर, दोन मुठींच्याही आतच असणारा ध्रुव. आमच्या केंद्रातल्या आणखी तीन शाळांच्या बाई जानेवारीपासून येणार आहेत, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. खडूफळा ताई, रांगोळीचे ठिपके किती अंतरावर काढायचे ते सांगाल का?

आणि फोटो मुलांना दाखवला. शेजाऱ्याच्या कुंपणावर चढलेली सावली बघून पहिलीतल्या एकीनं विचारलं, "बाई, काकांकडं संध्याकाळ झालीय का?"

कराड_ते_डेल्फ्ट

तिला सांगा, भर दुपार होती. पण आपल्याकडं संध्याकाळी सूर्य जेवढा खाली दिसतो तेवढाच इथं दुपारी वर येतो.

खडूफळा

ठिपके वीतभर अंतरावर ताई. मृगाचे मधले तीन मात्र चार बोटांवर.